अकरा नंबरच्या चिठ्ठ्या

खापरवाडी, ता. केज
२० नोव्हेंबर २००३

चि. गीता,

सप्रेम जयभीम.

मावशीकडून तुझा पत्ता मिळाला. पत्ता कसला, 'साखरशाळा, कालव्याच्या पुलाजवळ' एवढंच. पोस्टमनला पूल सापडला तर हे पत्र तुला सापडेल. डी.एड. होऊन दोन वर्षं घरी बसलीस आणि शेवटी ऊसतोडीच्या पोरांना पत्र्याच्या शेडमध्ये शिकवायला चारशे किलोमीटर गेलीस, म्हणून मावशी परळीत कपाळाला हात लावून बसली आहे. मी तिला म्हणालो, घरात बसून थर्मलची राख झाडण्यापेक्षा बरं. रागावली माझ्यावर.

आता कामाचं. आमच्या गावची दूध संस्था बंद पडली. चारा नाही, जनावरं नाहीत, तर दूध कुठून येणार? चेअरमन आबासाहेबांनी संस्थेचे दोन कॉम्प्युटर शाळेला वापरायला दिले. धूळ खात पडण्यापेक्षा पोरांनी बोटं लावलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. बटणांना अजून दुधाचा आंबूस वास येतो. वीज अकरा ते दोन असते, तेवढ्यात जे होईल ते.

माझी पाचवी मिळून एक गोष्ट लिहिते आहे. हजेरीच्या क्रमाने एकेकाने एक वाक्य टाइप करायचं, कुणाचा नंबर चुकवायचा नाही, शेवटचा झाला की पुन्हा पहिल्यापासून. गोष्ट आहे गावच्या बारवेची. माझ्या वडिलांना त्या बारवेच्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती. आता ती दोन वर्षं ठणठणीत कोरडी आहे, तर कुणीही उतरावं. पोरांनी त्यात एक मावशी बसवली आहे. ती खाली राहते, आणि काशी नावाची मुलगी रोज दुपारी वरून तिच्याशी बोलते. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही, चौथ्या वाक्यात मावशी आपोआप आली.

दिवाळी झाली आणि एकोणीसपैकी सात पोरं आईबापाच्या कोयत्याबरोबर ऊस तोडायला गेली. ती सातही तुझ्या कारखान्यावर आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच. ट्रक निघताना अकरा नंबरची सरू वरून वाकून मला म्हणाली, "सर, माझा नंबर कापायचा न्हाई." मी शब्द दिला. तर या पोरांना गोष्ट कुठवर आली ते वाचून दाखव, त्यांची वाक्यं कागदावर घे आणि मला पाठव. इथली पोरं ती टाइप करतील. सोबत आतापर्यंतची गोष्ट.

सरूची आजी दगडाबाई एकटीच गावात मागे राहिली आहे, एका गाभण शेळीला धरून. तिच्या पोराला, राधाकिशनला, सांग की म्हातारी बरी आहे.

तुझा,
शहादेवदादा


साखरशाळा, कालव्याचा पूल
१ डिसेंबर २००३

ती. दादा,

सप्रेम जयभीम.

पोस्टमनला पूल सापडला. इकडे पूल न सापडणं अवघड आहे, जिकडे बघावं तिकडे पाणी. पहिले आठ दिवस मी स्वतःच खुळ्यासारखी कालव्याकडे बघत होते. सरूने मला विचारलं, "बाई, हे पानी रातच्याला बंद करत न्हाईत का?" मी म्हटलं, नाही. तिचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आईबरोबर फडात जायच्या आधी ती बघून आली म्हणे, खरंच चालू होतं.

शाळेत बत्तीस मुलं आहेत, रोज येतात त्यातली वीस. बाकीची धाकटी भावंडं सांभाळतात नाहीतर उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करतात. तुझी सात मात्र येतात. गोष्टीचा कागद वाचला तेव्हा कोण आनंद झाला त्यांना. सरूने तर प्रत्येक वाक्याखाली बोट धरून ते कुणी लिहिलं असेल ते सांगितलं, आणि बंकटच्या वाक्यावर नाराज झाली. बंकटने मावशीला भूत केलं, ते तिला चालणार नाही. ती भूत नाही, ती नुसती खाली राहते, असं तिचं म्हणणं. भांडून भांडून तिने हे वाक्य दिलं:

"मावशी बारवेत राहते कारण तिला वर बोलवायला कुणी आलंच नाही."

दादा, अकरा वर्षांची पोर आहे ही. मी कागद हातात धरून बसले.

बाकी सहा जणांची वाक्यं वेगळ्या कागदावर आहेत. एक अडचण आहे. मुकादम म्हणतो, पुढच्या पंधरवड्यात अर्ध्या टोळ्या पलीकडच्या गावाच्या फडाला हलवणार. सरूचे आईबाप, राधाकिशन आणि छबुबाई, त्यात आहेत. तिथे शाळा नाही. सरूला हे कळल्यापासून ती गप्प आहे आणि माझ्याकडे कोरे कागद मागते आहे. काय करणार विचारलं तर म्हणाली, सोय करते. स्वभाव कुणाचा घेतला आहे कुणास ठाऊक.

दगडाबाईंचा निरोप राधाकिशनला सांगितला. शेळी व्याली का, एवढंच त्याने विचारलं.

तुझी,
गीता


खापरवाडी
१२ डिसेंबर २००३

चि. गीता,

सप्रेम जयभीम.

तुझं पाकीट आलं त्या दिवशी वर्गात सणासारखं वातावरण होतं. बंकटने सरूचं वाक्य स्वतःच्या हाताने टाइप केलं, पंचवीस मिनिटं लागली त्याला. टाइप करून झाल्यावर म्हणाला, ठीक हाय, भूत न्हाई तर न्हाई. एवढा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दगडाबाईला कुणीतरी सांगितलं की नातीचं लिखाण मशिनीत आलं आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या वेळी ती आली. वहाणा बाहेर काढल्या, उंबऱ्याशी बसली, आत यायला तयार नाही. मी वाक्य वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग पदराने पडदा पुसला, म्हणजे कॉम्प्युटरचा, आणि गेली. आता दर शनिवारी येणार म्हणते.

शेळी व्याली. करडू झालं, पाट आहे, म्हणजे मादी, कपाळावर पांढरा ठिपका. म्हातारी म्हणते, घरातल्या जनावरांची नावं सरूच ठेवते, तेव्हा नाव तिलाच विचारा आणि लवकर कळवा, बिननावाचं जनावर दारात बरं दिसत नाही. तर सरूला विचार. हे काम गोष्टीपेक्षा तातडीचं आहे, असं मला बजावून सांगितलं आहे.

तुझा,
शहादेवदादा


साखरशाळा
२ जानेवारी २००४

ती. दादा,

पत्राला उशीर झाला. मला ताप होता. थंडी फार आहे.

वाक्यं सोबत आहेत. सरूचं हे:

"मावशी म्हणाली, मला तहान लागत नाही, मला फक्त करमत नाही."

बाकी सगळं ठीक. शाळा आता पुलाजवळून हलवून कारखान्याच्या गोडाऊनमागे नेली आहे. पत्ता तोच चालेल.

गीता


खापरवाडी
१० जानेवारी २००४

चि. गीता,

सप्रेम जयभीम.

ताप उतरला का? पत्र इतकं छोटं आहे की पोस्टाच्या तिकिटाला लाज वाटावी. जेवत जा.

आता एक गंमत ऐक. तुझं पत्र इथे सातला पोहोचलं. त्याच्या आदल्या दिवशी दहा नंबरच्या मनकर्णाने टाइप केलं होतं, "काशीने वाकून विचारलं, मावशी, तुला तहान लागते का गं?" आणि पोरं थांबली होती, पुढचा नंबर सरूचा म्हणून. दुसऱ्या दिवशी पाकीट फोडलं तर त्यात उत्तर. मनकर्णा तर रडायला लागली. मी म्हटलं, अगं, योगायोग आहे. पण खरं सांगू, पाकिटावरचा शिक्का मीही दोनदा बघितला.

मग विचार केला आणि तुझी चोरी सापडली. ही वाक्यं तू लिहितेस. "करमत नाही" हे तुझं पेटंट आहे, लहानपणी सुट्टीत आमच्याकडे आलीस की दुसऱ्या दिवसापासून ते चालू व्हायचं. पोरीच्या नावावर स्वतःचं खपवू नकोस. मला सरूचं हवं, मोडकंतोडकं असलं तरी.

आणि पाटीचं नाव? एका ओळीत तरी कळवायचंस. म्हातारी दोनदा विचारून गेली. टँकर येतो त्या दिवशी पाण्याचा नंबर सोडून शाळेत येते ती, ते लक्षात घे.

शहादेवदादा


साखरशाळा
२२ जानेवारी २००४

ती. दादा,

सप्रेम जयभीम.

मी लिहीत नाही. आईची शपथ घेऊन सांगते. अक्षर ओळखायचं असेल तर आता मूळ चिठ्ठीच सोबत घातली आहे, बघ, "ल" कसा काढते ते. सरू आता इथे नाही, टोळीबरोबर गेली. जायच्या आधी तिने पुढच्या नंबरांसाठी चिठ्ठ्या लिहून घड्या घालून माझ्याकडे ठेवल्या, प्रत्येक घडीवर बाहेरून आकडा. एका खेपेला एकच उघडायची, असं मला बजावलं आहे. मी तसंच करते. पाकिटात घालताना उघडते, आधी नाही.

म्हणून पाटीचं नाव मला विचारू नकोस. तुझं विचारणं तिच्यापर्यंत पोहोचलं नाही.

आजची चिठ्ठी:

"दोर पुरला नाही तरी चालेल. वरून हाक मारत जा."

दादा, ही पोरं गोष्टीत पुढे काय लिहिताहेत ते मला कळवू नकोस. भीती वाटते म्हणून नाही. नाही, भीती वाटते म्हणूनच.

गीता


खापरवाडी
३ फेब्रुवारी २००४

चि. गीता,

सप्रेम जयभीम.

चिठ्ठी पाहिली. अक्षर तिचंच आहे, माफ कर. तरीही तुला कळवतो, कारण मी हे एकट्याने धरून ठेवू शकत नाही. तुझं पत्र यायच्या आधी आठ ते दहा नंबरांनी मिळून लिहिलं होतं की काशीने बारवेत दोर सोडला, गावातल्या सगळ्या दाव्यांना गाठी मारल्या, तरी दोर तळाला पोहोचला नाही. आणि तू पाठवतेस, "दोर पुरला नाही तरी चालेल."

पोरं आता अकरा नंबर आला की हात मांडीवर ठेवून बसतात. त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. मंगळवारी वीज गेली आणि दोन मिनिटांनी आली. मशीन चालू होऊन गोष्ट उघडली तेव्हा चमकणारी रेघ नेमकी अकराच्या रिकाम्या ओळीवर उभी होती, जिथे आम्ही सोडली होती तिथेच. यात काही नवल नाही, मला ठाऊक आहे. पण तुळजा म्हणाली, सर, ती आली.

दगडाबाई शनिवारी आली. या वेळी तिने नाव विचारलं नाही. वाक्य ऐकलं, उंबऱ्याशी बराच वेळ बसली आणि उठताना म्हणाली, "अजून किती हायती?" मी म्हटलं, काय किती? ती वहाणा घालून चालू लागली. म्हातारपण, दुसरं काय.

आता माझा बेत. पाडव्यानंतर केजला तालुक्यातल्या शाळांचा मेळावा आहे. आपली गोष्ट तिथे छापून वाचायची ठरली. छापायचं बटण सरूने दाबायचं, असं वर्गाने एकमताने ठरवलं आहे. कारखाने पाडव्यापर्यंत चालतील आणि टोळी वेळेवर येईल याचा भरवसा नाही, म्हणून मी रजा टाकून पुढच्या आठवड्यात तिकडेच येतो. कुठल्या गावच्या फडाला आहे तेवढं कळव. राधाकिशनशी बोलून पोरीला आधी घेऊन येईन. म्हातारीलाही सोबत होईल.

शहादेवदादा


साखरशाळा
११ फेब्रुवारी २००४

दादा,

येऊ नकोस. आणायला कुणी नाही.

सरू गेली. सतरा डिसेंबरला. कालव्यात.

हे वाक्य मी दोन महिने मनात लिहिते आहे आणि आज कागदावर आलं. आता सगळं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

त्या दिवशी बुधवार होता. टोळी दुसऱ्या दिवशी हलणार होती. सरूने सकाळीच पाच चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. म्हणाली, "बाई, पाडव्यापस्तोर पुरतील. कुटंबी बसतील असं लिवलंय. सगळं मावशीच बोलती, मावशी काय बी बोलू शकती." मी हसले. तिला शाबासकी दिली आणि म्हटलं, जा, पाट्या पुसायचा फडका भिजवून आण. मी पाठवली, दादा. शाळेपासून कालवा पन्नास पावलं. रोज कुणी ना कुणी जायचं.

तुला आपली बारव माहीत आहे. पाणी असायचं तेव्हाही तळाशीच, सगळ्या पायऱ्या संपल्या की मग पाणी. आपल्याकडच्या पोराला पाणी म्हटलं की पायऱ्या संपेपर्यंत उतरायचं, एवढंच ठाऊक. इथे पायऱ्या पाण्याखालीही आहेत, शेवाळलेल्या. इथली मुलं वरच्या पायरीवर बसून हात बुडवतात. सरू उतरत गेली. पलीकडे धुणं धुणाऱ्या बाईने सांगितलं की पोर घसरली नाही आधी, नीट पायरी शोधत शोधत उतरत होती. तिला ओरडावं हेही त्या बाईला सुचलं नाही, कारण असं कुणी उतरताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

दोन किलोमीटरवर कालव्याच्या फाटकाशी सापडली. फडका हातात होता.

राधाकिशनने माझे पाय धरले. म्हणाला, "म्हातारीला कळू देऊ नका. यकटी हाय, दुष्काळात घरात कुनी न्हाई. मी गेल्यावर सांगंन." कोयता टाकून तो येऊ शकत नव्हता, मुकादम सोडत नव्हता. मी शब्द दिला. गावच्या इतर सहा पोरांनाही शपथ घातली. तिसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, पाटीचं नाव सरूला विचार. त्या दिवसापासून मला ताप होता, ते खोटं नव्हतं.

चिठ्ठ्या मी का पाठवल्या? एक, तिने बजावलं होतं. दोन, तिचा नंबर मी कापू शकले नाही. तू म्हणशील मी फसवलं, म्हण. पण दादा, मी एकही चिठ्ठी आधी उघडली नाही, आणि तुझी पोरं पुढे काय लिहितील ते मला माहीत नव्हतं. मग ती उत्तरं कशी येतात? मी इथे दिवसाढवळ्यासुद्धा कालव्याकडे पाठ करून बसते.

आज तिसरी उघडली. त्यात आहे:

"माझी जागा बुजवू नका."

दोन राहिल्या. त्यांचं काय करू ते तू सांग. म्हातारीला काय सांगायचं तेही तूच ठरव. मला आता काही ठरवता येत नाही.

गीता


खापरवाडी
२४ फेब्रुवारी २००४

चि. गीता,

तुझं पत्र घेऊन मी शाळेच्या मागे गेलो आणि लहान पोरासारखा रडलो. तू फडका आणायला पाठवलंस, आणि नंबर कापायचा नाही हा नियम मी केला होता. तो नियम नसता तर ती चिठ्ठ्या लिहीत बसली नसती, तू हसली नसतीस, फडका दुसऱ्या कुणी आणला असता. असं मागे मागे जात राहिलं तर दूध संस्था बंद पडण्यापर्यंत जाता येतं, पाऊस पडला नाही तिथपर्यंत. तू स्वतःला खाऊ नकोस. मी सांगतो म्हणून थांबशील असं नाही, तरी सांगतो.

तिसरी चिठ्ठी मी वर्गात वाचली नव्हती तोवर पोरांचं काय लिहून झालं होतं ते तुला नको आहे, तरी लिहितो. बंकटने लिहिलं होतं की कुणीतरी आत पडेल म्हणून गावाने बारव दगडमातीने बुजवायचं ठरवलं.

मी दगडाबाईच्या घरी गेलो. चार दिवस टाळत होतो. दारात ती पाट बांधलेली होती, चांगली तरतरीत झाली आहे. मी बसलो, पाणी मागितलं, तिच्याकडे दोन दिवसांचं एक घागर पाणी होतं हे विसरून. तिने तांब्या भरून दिला. मी काही बोलायच्या आधी तीच बोलली.

"गुर्जी, सांगायला आला असाल तर ऱ्हाऊ द्या. मला ठावं हाय."

मी विचारलं, कुणी सांगितलं?

"कुनी न्हाई. तुमी पाटीचं नाव इचारलं का न्हाई? इचारलं. माझ्या सरूला कुनी जनावराचं नाव इचारलं आन तिनं सांगितलं न्हाई, आसं व्हतंय व्हय? पयल्या पत्रात न्हाई आलं, मला वाटलं इसरली. दुसऱ्यात न्हाई आलं, तवाच समजलं."

महिनाभर ती हे एकटीने घेऊन बसली आहे, गीता. दर शनिवारी आमच्या उंबऱ्याशी येऊन वाक्य ऐकते आणि घरी जाऊन पाटीला पाला घालते. "अजून किती" विचारलं ते चिठ्ठ्यांचं. तिला चिठ्ठ्या माहीत नव्हत्या, तरी तिला कळलं होतं की हे मोजकं आहे, संपणारं आहे.

तिने माझ्याकडून वचन घेतलं. राधाकिशनला ती जाणते हे कळू द्यायचं नाही. पोरगं कोयता घेऊन उभं आहे, त्याला वाटू दे की आई सुखात आहे, नाहीतर तो तिथेच खचेल. म्हणजे आई लेकापासून लपवते आहे आणि लेक आईपासून, आणि मध्ये आपण दोघं पोस्टमन.

चौथी चिठ्ठी पाठव. पाचवी उघडू नकोस. ती म्हातारीने मागितली आहे, घडी न मोडता.

वर्गाला मी सांगितलं. सांगायलाच हवं होतं. तुळजाने फक्त विचारलं, सर, मग अकरा नंबर काढायचा का? बाकीच्यांनी मिळून नाही म्हटलं.

तुझा,
शहादेवदादा


साखरशाळा
६ मार्च २००४

ती. दादा,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून त्या रात्री पहिल्यांदा झोपले.

चौथी:

"सगळं ऐकू येतं. फक्त बोलायला वेळ लागतो."

हंगाम या आठवड्यात संपतो. ऊसच उरला नाही. पाचवी चिठ्ठी राधाकिशनच्या हाती देते आहे, त्याच्या आईसाठी म्हणून. त्याने विचारलं, आईला कशी देऊ, आधी सांगावं लागंल. मी म्हटलं, सरांना सोबत घ्या.

काल संध्याकाळी मी कालव्यावर गेले. वरच्या पायरीवर बसले आणि तुझ्या शाळेची सगळी खबर मोठ्याने सांगितली. बंकटचं, मनकर्णाचं, पाटीचं. कुणी बघितलं असेल तर वेडी म्हणाले असतील.

गीता


खापरवाडी
२ एप्रिल २००४

चि. गीता,

सप्रेम जयभीम.

मेळाव्याचं आधी सांगतो. आमची गोष्ट छापून केजला नेली. चौथ्या चिठ्ठीच्या आधी पोरांनी काय लिहिलं होतं ते आता सांगायला हरकत नाही, तू स्वतःच ते करून आलीस. त्यांनी लिहिलं होतं की काशी बारवेच्या काठावर बसते आणि मावशीला गावातली सगळी खबर सांगते. मशीनमधली तारीख पाहिली मी. तू कालव्यावर बसलीस त्याच दिवसाची आहे. मी यावर काही म्हणत नाही. विज्ञानाचा तास मीच घेतो.

शेवटच्या फेरीत दहा नंबरनंतर अकरा असा आकडा आहे, पुढे ओळ कोरी, मग बारा. परीक्षक साहेबांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि छापताना चूक झाली का विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बंकट म्हणाला, "न्हाई साहेब. ती उशिरा लिहिती." आपल्याला बक्षीस मिळालं नाही, ते पाटोद्याच्या एका शाळेला मिळालं, त्यांनी पवनचक्की केली होती.

आता राधाकिशनचं. पाडव्याच्या दोन दिवस आधी ट्रक आला. त्याने मला बोलावणं पाठवलं. मी गेलो तेव्हा तो आणि छबुबाई अंगणाबाहेर उभे होते, गाठोडी खाली ठेवलेली, आत पाऊल टाकवत नव्हतं. दगडाबाई दारात पाटीला घेऊन बसली होती. राधाकिशनने "आई" एवढंच म्हटलं. पुढचे शब्द त्याने तीन महिने जुळवले असतील, पण एकही आला नाही. म्हातारीने हात पुढे केला.

"आन. चिठ्ठी आन इकडं."

आईला सगळं ठाऊक आहे हे त्याच्या लक्षात आलं. मग तो तिथेच मातीत बसला, आणि तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. छबुबाई पाटीच्या गळ्यात तोंड घालून रडली. मी कुडाला धरून उभा होतो.

सगळं शांत झाल्यावर मी विचारलं, आजी, वाचून दाखवू का? घडीवर बाहेरून पाचचा आकडा आहे, सरूच्या अक्षरात, खाली एक रेघ मारलेली. म्हातारीने ती उलटसुलट केली, नाकाजवळ नेली.

"काय असंल ह्यात?" राधाकिशनने विचारलं.

"पाटीचं नाव असंल," ती म्हणाली. "ती बोलली की आपल्या मागच्या बोलन्याला उत्तर देती. मी इचारलंय, तर सांगितलंच असंल."

गीता, ती चिठ्ठी डिसेंबरात लिहिली आहे, पाटीचं नाव विचारणारं माझं पत्र तिथे पोहोचायच्या आधी. मला हे म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही, कारण खात्री उरली नव्हती.

मी म्हटलं, मग उघडू या, नाव कळेल.

"नगं," दगडाबाई म्हणाली. "उगडलं तर ती सांगून मोकळी हुईल."

तिने चिठ्ठी कमरेच्या चंचीत ठेवली, सुपारीच्या खांडाशेजारी, आणि दोरी ओढली. शनिवारी ती पुन्हा शाळेत आली, वहाणा काढून उंबऱ्याशी बसली. मी मशीन चालू केलं आणि अकराची कोरी ओळ तिला दाखवली. तिने ती पाहिली. मग घरी गेली, मागून पाट.

पाटीला अजून नाव नाही. गावात सगळे तिला नुसतं "ए" म्हणतात, आणि ती येते.

तुझा,
शहादेवदादा